नियमित क्रियापदाची बाजू

स्पॅनिशच्या वर्गात नियमित क्रियापदाच्या वाट्याला फार तर एक आठवडा येतो. कोष्टक फळ्यावर लिहिले जाते, वर्ग ते सुरात म्हणतो, आणि लगेच अनियमितांची वरात सुरू होते: सेर, एस्तार, इर, तेनेर. उरलेले वर्ष तीच खातात. नियमित क्रियापद म्हणजे ज्याबद्दल बोलण्यासारखे काही नाही ते, असा समज शिक्षकांपासून विद्यार्थ्यांपर्यंत सगळ्यांचाच आहे. या पुस्तकाने तो मोडायला घेतला आहे. आख्खे पुस्तक केवळ नियमित क्रियापदावर, तेही एकट्या वर्तमानकाळातल्या, आणि तेही थेट मराठीतून. हस्तलिखित हाती आले तेव्हा या विषयात एवढा जीव आहे का, अशी शंका मला होती. वाचून झाल्यावर वाटले, की लेखिकेने बरेच काही हातचे राखूनच ठेवले आहे.

नवख्या वाचकासाठी मूळ गोष्ट आधी सांगतो. स्पॅनिश क्रियापदाचे मूळ रूप आर, एर किंवा इर असे संपते. आब्लार म्हणजे बोलणे, कोमेर म्हणजे खाणे-जेवणे, बिबिर म्हणजे जगणे आणि राहणेही. शेवटचा तुकडा काढला की धातू उरतो आणि त्याला पुरुष व वचन दाखवणारे प्रत्यय लागतात. मी, तू, तो किंवा ती, आम्ही, तुम्ही, ते या क्रमाने बोलण्याची रूपे अशी: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. खाण्याची: कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेइस, कोमेन. राहण्याची: बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबीस, बिबेन. तीन रांगा, 18 खाने. पण मोजून पाहिले तर वेगळे प्रत्यय 13च भरतात. ‘मी’चा ओ तिन्हीकडे एकच, आणि एर व इर हे वर्ग ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ सोडले तर प्रत्ययांवरून वेगळे ओळखूही येत नाहीत. एवढ्या भांडवलावर हजारो क्रियापदे वर्तमानकाळात चालवता येतात.

हे प्रत्यय कुणी बसून ठरवलेले नाहीत. लॅटिनमध्ये क्रियापदांचे चार वर्ग होते. त्यांतला दुसरा आणि तिसरा कास्तियाच्या बोलीत, म्हणजे पुढच्या स्पॅनिशमध्ये, मिसळून गेले आणि तीन उरले. ‘तू’चा स, ‘आम्ही’चा मोस, ‘ते’चा न हे लॅटिनच्या स, मुस, न्त यांचे वंशज. शाळेत संस्कृत घेतलेल्या वाचकाला इथे वदसि, वदामः, वदन्ति आठवतील, आणि ते साम्य योगायोगाचे नाही. 1816मध्ये फ्रान्झ बॉप या जर्मन अभ्यासकाने संस्कृतची क्रियापदव्यवस्था ग्रीक, लॅटिन, फारसी आणि जर्मनशी ताडून पाहणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. तौलनिक भाषाशास्त्राची शिस्तशीर सुरुवात त्या ग्रंथापासून मानतात. दोन भाषांचे नाते शोधताना त्याने शब्दांच्या याद्यांवर भर दिला नाही, प्रत्ययांवर दिला. शब्द उसने घेता येतात. पुरुष-वचनाचे प्रत्यय सहसा कुणी उसने घेत नाही.

स्पॅनिशच्या व्याकरणाची स्वतःची परंपरा त्याआधी तीन शतकांपासून चालू होती. 1492च्या ऑगस्टमध्ये, कोलंबसची जहाजे निघून जेमतेम दोन आठवडे झाले असताना, आंतोनिओ दे नेब्रिहाचे कास्तेयानो, म्हणजेच स्पॅनिश, भाषेचे व्याकरण सालामान्कात छापून झाले. राणी इसाबेलाला अर्पण केलेल्या या पुस्तकाचा उपयोग काय, असा प्रश्न खुद्द राणीनेच केला होता, आणि आविलाच्या बिशपने उत्तर दिले, की जिंकलेल्या परक्या लोकांना ही भाषा शिकवायला ते लागेल. ही हकिगत नेब्रिहानेच आपल्या प्रस्तावनेत नोंदवली आहे. साम्राज्याच्या या हिशेबाची चर्चा पुष्कळ झाली. मला त्यापेक्षा एक बारकी गोष्ट महत्त्वाची वाटते: पाच भागांच्या या ग्रंथाचा शेवटचा भाग परभाषकांसाठी आहे, आणि त्यात नामांच्या बरोबरीने क्रियापदांची रूपे मांडलेली आहेत. म्हणजे आर, एर, इर हे आज आपण घोकतो ते कोष्टक पाचशे वर्षांपूर्वीच शिकाऊ परक्यासाठी तयार झाले होते.

नेब्रिहाने वापरलेला हा लॅटिन व्याकरणाचा साचा पुढे जहाजातून जगभर गेला. मेक्सिकोत आंद्रेस दे ओल्मोसने 1547मध्ये नाहुआत्ल भाषेचे व्याकरण त्याच धर्तीवर लिहिले. आपल्या बाजूला फादर थॉमस स्टीफन्सने कोकणीचे व्याकरण पोर्तुगीजमधून रचले; ते त्याच्या मृत्यूनंतर 1640मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. भारतीय भाषेचे छापलेले पहिले व्याकरण म्हणून त्याचा उल्लेख होतो. आपल्या भाषांची क्रियापदे रांगांत बसवण्याचा तो एक प्रयत्न, आणि दुसरी वाट संस्कृत वैयाकरणांची. दादोबा पांडुरंगांच्या 1836च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या 1911च्या ग्रंथापर्यंत मराठी वैयाकरण या दोन साच्यांमध्ये आपली जागा शोधत राहिले. दामल्यांनी मराठी रूपांची विभागणी आधी काळावर न करता आख्यातांवर, म्हणजे प्रत्ययांच्या घडणीवर केली. प्रस्तुत लेखिकेने स्पॅनिशकडे दामल्यांच्या नजरेने पाहिले आहे, हे पुस्तकात कुठे म्हटलेले नसले तरी पानोपानी जाणवते.

स्पेनमध्ये 1713मध्ये राजेशाही भाषा अकादमी स्थापन झाली आणि 1771मध्ये तिने आपले पहिले व्याकरण काढले. पण वर्तमानकाळाचा खरा विचार करणारा माणूस अटलांटिकच्या पलीकडचा. आंद्रेस बेयो जन्माने काराकासचा, कर्तृत्वाने चिलीचा. त्याने 1841मध्ये क्रियापदाच्या काळांवर एक स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला आणि 1847मध्ये सान्तियागोला अमेरिकावासीयांसाठी म्हणून संपूर्ण व्याकरण. लॅटिनचे कपडे कास्तेयानोला घालणे त्याला मान्य नव्हते. त्याच्या मते वर्तमानकाळ म्हणजे घड्याळातला ‘आत्ता’ नव्हे. बोलण्याच्या क्षणाशी क्रियेचा सहभाव असला की पुरे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, या वाक्यातली क्रिया बोलणाऱ्याच्या आधीही होती आणि नंतरही राहील, तरी वर्तमानकाळच योग्य. काळांना त्याने दिलेली नावे आजही टिकून आहेत: स्पेन आणि अमेरिकेतल्या अकादम्यांनी मिळून 2009मध्ये काढलेल्या मोठ्या व्याकरणात पारंपरिक नावांच्या शेजारी बेयोची नावेही दिली आहेत.

त्याच बेयोची एक दुसरी बाजू आहे. चिलीतले लोक ‘तू’साठी तू न म्हणता बोस म्हणत आणि क्रियापदही वेगळे वापरत, याचा त्याला संताप होता, लिहून लिहून त्याने ते निषिद्ध ठरवले. चिलीत त्याचा थोडा परिणाम झाला. अर्जेंटिना, उरुग्वाय, पॅराग्वाय आणि मध्य अमेरिकेचा बराच भाग मात्र बोसच म्हणत राहिला. तिथे आब्लास, कोमेस यांतला जोर शेवटच्या अक्षरावर जातो आणि बिबेसच्या जागी बिबीस येते. 1982मध्ये अर्जेंटिनाच्या भाषा अकादमीने ही रूपे शिष्टसंमत मानली. तरीही जगभरची बहुतेक पाठ्यपुस्तके सहा खान्यांचे स्पेनचे कोष्टकच छापत राहतात, ज्यातला पाचवा खाना, आब्लाइसचा, लॅटिन अमेरिकेत रोजच्या बोलण्यात कुणी वापरत नाही. तिथे ‘तुम्ही’ला उस्तेदेस म्हणतात आणि क्रियापद ‘ते’चे लावतात.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास मी थोडक्यात उरकतो, कारण त्यात फॅशनचा भाग फार आहे. आधी पाठांतर आणि भाषांतर. मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्लिट्झसारख्यांची, विद्यार्थ्याच्या भाषेला वर्गाबाहेर ठेवणारी थेट पद्धत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ध्वनिफितीसमोर बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायची पद्धत. 1970नंतर संवादावर भर आणि कोष्टकांबद्दल किंचित तुच्छता. 2001पासून युरोप परिषदेच्या भाषाप्रावीण्याच्या ए1 ते सी2 या पायऱ्या, ज्यांवर आज स्पॅनिश शिकवणाऱ्या सेर्वांतेस संस्थेच्या परीक्षा आधारलेल्या आहेत. या सगळ्यांत एक निरीक्षण मात्र मोलाचे आहे. स्पॅनिशचे अमेरिकन अभ्यासक बिल व्हॅनपॅटन यांनी 1990च्या दशकात दाखवून दिले, की शिकणारा वाक्य ऐकताना आधी स्वतंत्र शब्दांना धरतो आणि प्रत्ययाकडे दुर्लक्ष करतो. ‘मी’ किंवा ‘काल’ कानावर पडले, की क्रियापदाचा शेवट ऐकायची त्याला गरजच वाटत नाही. कोष्टक तोंडपाठ असूनही बोलताना गाडी का अडते, याचे कारण इथे आहे.

आणि इथेच मराठीचा प्रश्न येतो. आपल्याकडे स्पॅनिश शिकले जाते ते इंग्रजी पुस्तकांतून, इंग्रजी अर्थांच्या आधाराने. इंग्रजीत वर्तमानकाळी क्रियापदाला प्रत्यय जवळपास उरलेलेच नाहीत. म्हणून ती पुस्तके इंग्रजी वाचकाला पुरुषवाचक प्रत्यय ही कल्पनाच पहिल्यापासून समजावत बसतात. मराठी माणसाला ती समजावण्याची गरज नाही. बोलतो, बोलतोस, बोलता, बोलतात हे तो दोन वर्षांचा असल्यापासून करतो आहे. ‘कुठे राहतोस?’ असे विचारताना ‘तू’ म्हणावे लागत नाही. स्पॅनिशमध्येही दोंदे बिबेस एवढेच पुरते. इंग्रजीच्या वाटेने आलेला विद्यार्थी प्रत्येक वाक्यात यो, तू घालत सुटतो, आणि स्पॅनिश कानाला ते ‘मी मात्र’, ‘तू मात्र’ असे ठासून बोलल्यासारखे लागते. मराठी वाटेने आलेल्याला ही चूक करायला खास प्रयत्न करावा लागेल.

सर्वांत स्पष्ट उदाहरण कालावधीचे. ‘मी तीन वर्षांपासून इथे राहतो’ हे मराठीत साध्या वर्तमानकाळात आहे. स्पॅनिशमध्येही तसेच: बिबो आकी देस्दे आसे त्रेस आन्योस. मधे इंग्रजी आणली की तिथे पूर्ण काळाचे लटांबर येते, आणि पुण्या-मुंबईतली मुले ते स्पॅनिशमध्ये उतरवून वाक्य बिघडवतात. जे शिकायची गरजच नव्हती, ते आधी विसरायला लावून मग चुकीचे शिकवल्यासारखे हे आहे. या पुस्तकाचा आग्रह इतकाच, की मराठी आणि स्पॅनिश या दोन घरांच्या मधली इंग्रजीची भिंत पाडा. मला तो शंभर टक्के पटतो.

मात्र मराठी सगळीकडे मदतीला येते असे नाही, आणि लेखिका तसे भासवतही नाही. आपल्या एकवचनी रूपांत लिंग आहे: बोलतो, बोलते. स्पॅनिशमध्ये आब्लो हे बाई म्हणो की बुवा, एकच. वर्गात दर वर्षी कुणीतरी आब्लोचे स्त्रीलिंगी रूप मागतेच. आपण आजोबांबद्दल ‘ते बोलतात’ असे अनेकवचन वापरतो. स्पॅनिशमध्ये आजोबाही आब्लाच, आब्लान म्हटले तर ऐकणारा दुसरे आजोबा शोधू लागेल. समोरच्याला आदर द्यायचा तर उस्तेद, पण क्रियापद ‘तो’चे, एकवचनी. ‘महाराज काय घेणार?’ असे समोरच्यालाच तृतीय पुरुषात विचारायची आपली जुनी रीत ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे नवल वाटणार नाही; उस्तेद मुळात ‘आपली कृपा’ अशा अर्थाच्या संबोधनातूनच झिजून बनले आहे. आणि आपण-आम्ही हा आपला सुंदर भेद मात्र स्पॅनिशच्या आब्लामोसमध्ये पार बुडतो.

सगळ्यांत कठीण प्रकरण आघाताचे. मराठीत अक्षरावरचा जोर बदलला तर उच्चार गावंढळ वाटेल, अर्थ बदलणार नाही. स्पॅनिशमध्ये आब्लोच्या पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘मी बोलतो’, शेवटच्यावर दिला तर ‘तो बोलला’. एका जोराने काळही बदलला, माणूसही बदलला. देवनागरी हा फरक दाखवत नाही, म्हणून पुस्तकात आघाताचे अक्षर ठळक छापले आहे, आणि ते वाचकाने वगळू नये. हा जोर सहापैकी चार रूपांत धातूवर पडतो आणि आब्लामोस, आब्लाइस या दोन रूपांत सरकून प्रत्ययावर जातो. एवढे कानात बसले, की तथाकथित अनियमितांची एक मोठी टोळी शरण येते. दोर्मिर म्हणजे झोपणे: दुएर्मो, पण दोर्मिमोस. जोर धातूवर असला की ओचा उए होतो, सरकला की ओ परत येतो. लॅटिनमधल्या ऱ्हस्व ए आणि ओ या स्वरांचे आघाताखाली असे दुहेरी स्वर झाले आणि बाकीकडे ते साधे राहिले. ज्याला आपण अपवाद म्हणून घोकतो, तो नियमित क्रियापदाच्या आघाताचाच परिणाम आहे. पुस्तकात हे विवेचन आहे, पण माझ्या मते ते फार मागे आले आहे. मी ते पहिल्या पंधरा पानांत आणले असते.

उपयोगाच्या बाबतीत वर्तमानकाळ दोन्ही भाषांत चांगलाच ऐसपैस आहे. सवय सांगतो, आत्ता चाललेले सांगतो (फोनवर ‘काय करतोस?’ म्हणजे या क्षणी), उद्याचेही सांगतो: ‘उद्या त्याच्याशी बोलतो’ यासाठी मान्याना आब्लो कोन एल. इतिहास सांगतानाही तो चालतो. आपल्या बखरी आणि कीर्तने ऐकलेल्यांना ते सांगायला नको. पण पेला हातातून निसटता निसटता वाचला तर स्पॅनिश माणूस वर्तमानकाळात पोर पोको रोम्पो एल बासो म्हणतो, जिथे आपण ‘फोडलाच असता’ म्हणू. खिडकी उघडू का, असे विचारायला आपल्याकडे स्वतंत्र रूप आहे. स्पॅनिशमध्ये साधे आब्रो ला बेन्ताना, फक्त प्रश्नाच्या सुरात. उलट ‘उद्या निघतोय’ असे आपण सहज म्हणतो, पण स्पॅनिशमधले चालू क्रियेचे रूप ठरलेल्या भविष्यासाठी सहसा चालत नाही. अशी टाचणे या पुस्तकात विखुरलेली आहेत आणि माझ्या लेखी तोच त्याचा गाभा आहे.

नियमित क्रियापद जिवंत आहे याचा पुरावा हवा असेल तर नवी क्रियापदे पाहावीत. एर आणि इर हे वर्ग आता जवळजवळ बंद झाले आहेत. नवीन येणारे प्रत्येक क्रियापद आरच्या रांगेत उभे राहते. एस्कानेआर, चातेआर, तुइतेआर. शेवटचे तर अकादमीच्या कोशात 2014मध्ये आले. त्यांतले एकही अनियमित नाही. परका शब्द आला की आपण त्याच्यामागे ‘करणे’ लावतो, चॅट करतो, स्कॅन करतो. स्पॅनिश त्याच शब्दाला प्रत्यय चढवून चातेओ, चातेआस म्हणते.

हे सगळे आत्ताच का? स्पॅनिश सुमारे 50 कोटी लोकांची मातृभाषा आहे, 20 देशांची राजभाषा आहे, संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. दिल्लीत 2009पासून सेर्वांतेस संस्थेचे केंद्र चालते. नोकरीसाठी ती शिकणारी मुले महाराष्ट्रात आज पुष्कळ आहेत. पण तिकडे जाणारे आपण पहिले नव्हे. वर्ध्यात जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवत होते, मक्यावरचे आपले संशोधन त्यांनी स्पॅनिशमध्ये छापले, आणि दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले. त्यांच्यापाशी मराठीतून स्पॅनिश शिकवणारे पुस्तक नव्हते. आज आपल्यापाशी फोन आहे आणि तो क्षणात रूप सांगतो. पण इंग्रजी वाक्य टाकले की त्यातला ‘यू’ कोण, हे फोनला कळत नाही: मित्र, सासरे, की ब्यूनोस आयर्सचा टॅक्सीवाला. तू आणि तुम्ही यांतली निवड मराठी माणूस तोंड उघडण्याआधीच करून बसलेला असतो. ती निवड स्पॅनिश क्रियापदापर्यंत पोहोचवायची, एवढेच काम उरते.

तेवढ्याच कामासाठी हे पुस्तक आहे. भूतकाळ यात नाही, आज्ञार्थ नाही, सेर आणि एस्तार यांचे भांडण नाही. ज्यांना तीन महिन्यांत परीक्षा द्यायची आहे त्यांनी दुसरे पुस्तक घ्यावे. इथे एकेका रूपापाशी थांबून ऐकावे लागते. उदाहरणे स्वयंपाकघरातली, कचेरीतली, बस थांब्यावरची आहेत, आणि सर्वनाम नसलेली वाक्ये मुद्दाम जास्त ठेवली आहेत, म्हणजे प्रत्यय ऐकल्यावाचून सुटका नाही. रूपे आधी ओळखायची आणि मग स्वतः बनवायची, हा क्रम व्हॅनपॅटनच्या विचाराला धरून आहे. उच्चार लॅटिन अमेरिकेतला घेतला आहे, म्हणून वरच्या उदाहरणातले आसे; स्पेनच्या बऱ्याच भागात तेच आथे होईल.

एका गोष्टीवर माझे आणि लेखिकेचे जमले नाही. उच्चार अमेरिकेचा घेऊनही तिने कोष्टक सहा खान्यांचे, स्पेनचे ठेवले आहे आणि बोसची रूपे परिशिष्टात टाकली आहेत. परीक्षांत आब्लाइस विचारतात, हे तिचे म्हणणे खरे आहे. तरी अर्जेंटिनाला किंवा उरुग्वायला निघालेल्या वाचकाने पाचवा खाना खुशाल झाकून ठेवावा, दुसऱ्या खान्यातल्या आब्लास आणि कोमेस यांच्या शेवटच्या अक्षरावर पेन्सिलीने जोराची खूण करावी, आणि बिबेस खोडून बिबीस लिहावे. लेखिकेची याला हरकत नाही. मी विचारून घेतले आहे.